एकास पस्तीस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टपाल तिकिटं जमवणाऱ्याला लोक 'वा' म्हणतात. बासरी वाजवणाऱ्याला बसायला खुर्ची देतात. पण साठी उलटलेला माणूस प्लास्टिकचे रणगाडे जोडत बसतो म्हटलं, की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग आमच्या सौभाग्यवतींकडे सहानुभूतीनं बघतात. "नातवासाठी का?" असं विचारतात. नाही हो, माझ्यासाठीच. नातवाला मी हातसुद्धा लावू देत नाही.

हे वेड लागलं त्याला कारण आमचं गाव. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र शहराला लागून. के. के. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की लांबून गडगडाट ऐकू यायचा. नवीन लग्न होऊन आलेली माझी काकू तो पावसाचा समजून अंगणातलं वाळवण गोळा करायला धावली होती, ही गोष्ट घरात पुढे कित्येक वर्षं सांगितली जाई. १९९४ साली इथं रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं, तेव्हा मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणांचे नकाशे कागदावर लहान करणं हे पोटापाण्याचं काम. रविवारी मी संग्रहालयात जाऊन एकेका रणगाड्याभोवती फिरत असे. माझ्या मावसभावानं इंग्लंडहून येताना शेर्मन रणगाड्याचा संच आणून दिला आणि मग मी कामातून गेलो, ते गेलोच.

संच म्हणजे काय? खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना शेकडो बारीक तुकडे चिकटलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. प्रमाण बहुधा एकास पस्तीस. आम्हा आरेखकांना एकास पन्नास, एकास शंभर कळतं. हे पस्तीस कुठून आलं? त्याची गोष्ट गमतीची आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं जर्मनीच्या पँथर रणगाड्याचा संच काढला. तो मोटारीवर चालणारा होता. आत बॅटरीचे सेल मावायला हवेत म्हणून आकार ठरवला, आणि नंतर मोजून पाहिलं तर तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाइतका भरला. पुढे साऱ्या जगानं तेच प्रमाण धरलं. म्हणजे माझ्या कपाटातली अख्खी फौज बॅटरीच्या मापानं कापलेली आहे!

माझा सगळ्यात आवडता रणगाडा म्हणजे सेंच्युरियन. ब्रिटिश बनावटीचा, वजन पन्नास टनांच्या वर, रुंदी जवळजवळ ३.४ मीटर. एकास पस्तीस केला की रुंदी दहा सेंटिमीटरला थोडी कमी भरते. तोफेच्या नळीचं भोक ८४ मिलिमीटरवरून सव्वादोन-अडीच मिलिमीटरवर येतं, बारीक ज्वारीचा दाणाही त्यातून सरळ जाणार नाही. लांबी, रुंदी, उंची अशी कमी करता येते. वजनाचं काय? तीन बाजूंनी पस्तीसनं भागायचं, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस हजारांनी. हिशेबानं माझा सेंच्युरियन सव्वा किलोच्या आसपास हवा. असतो मात्र प्लास्टिकचा पोकळ डबा, पंख्याच्या वाऱ्यानं कागदासारखा उडणार नाही इतकंच. म्हणून वजन रंगवावं लागतं. सगळी कला काय ती इथं आहे.

नवशिक्या एकच हिरवा रंग एकसारखा फासतो. मीही फासला होता. तो रणगाडा साबणाच्या वडीसारखा दिसत असे. शिवाय खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा छोट्या वस्तूवर दिला, तर तो काळपट दिसतो, त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. मग तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून सोडायचा. तो आपणहून खाचांत, खिळ्यांच्या कडेला जाऊन बसतो. तो वाळला की ब्रशावर जवळजवळ रंग नाहीच इतका रंग घेऊन उंचवट्यांवरून फिरवायचा, की कडा उजळतात. जिथं बूट घासतात तिथं स्पंजच्या तुकड्यानं धातूचा रंग टिपायचा. चिखल म्हणजे चाळलेली माती, प्लास्टर आणि डिंक. तो खाली जाड आणि ओला, वर जाताना पातळ आणि सुकलेला. पट्ट्यांच्या कड्या मातीत थोड्या रुतलेल्या दाखवल्या, की डोळा पन्नास टन कबूल करतो. या कड्याही सुट्या मिळतात, सेंच्युरियनला दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेहून जास्त. त्या जोडताना मी दोन चष्मे बदलले.

हे सगळं सांगतोय ते एका विशिष्ट रणगाड्याबद्दल सांगायचंय म्हणून. त्याचं नाव 'फामागुस्ता'. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव. हा पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन होता. या रेजिमेंटची परंपरा १८१७ पासूनची. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना याच रेजिमेंटचं नेतृत्व करताना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 'फामागुस्ता'वर होते. पुण्यात जन्मलेला, एकवीस वर्षांचा मुलगा. सैन्यात अधिकारी होऊन पुरते सात महिनेही झाले नव्हते. समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे येत होते. गोळा लागून रणगाड्यानं पेट घेतला, ते स्वतः जबर जखमी झाले, बाहेर पडा असा हुकूम रेडिओवरून आला. तोफ अजून चालतेय, असं उत्तर देऊन ते थांबले आणि लढले. मग आणखी एक गोळा लागला. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. तो 'फामागुस्ता' दुरुस्त होऊन आज आमच्या गावातल्या त्याच प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवलेला आहे.

२०१२ साली मी हा रणगाडा करायला घेतला. तैवानच्या एका कंपनीचा संच मागवला. सहा महिने घालवले. नाव हातानं, एका केसाच्या ब्रशानं लिहिलं. आणि तो 'लागलेल्या' अवस्थेत करायचा असं ठरवलं. सुई तापवून बुरुजाच्या बाजूला भोक पाडलं, कडा आत वळवल्या, भोवती जळालेला रंग, काजळी, वर उडालेली चंदेरी धार. खोटं कशाला सांगू, ते भोक फार सुंदर जमलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी भिंग देऊन ते दाखवत असे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त दफेदार राहतात. पूना हॉर्सचे नव्हेत, दुसऱ्या रेजिमेंटचे. पण त्यांनी सेंच्युरियन चालवलेला. त्यांना चहाला बोलावलं आणि मॉडेल समोर ठेवलं. भिंगही ठेवलं. त्यांनी भिंग घेतलं नाही. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले,

"भाऊसाहेब, तोफ आधी बाजूला वळवा."

मला काही कळेना. त्यांनी पुढच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ड्रायव्हर तिथं बसतो, त्याची झाकणं तिथं. मी तोफ ऐटीत पुढे उजवीकडे, जराशी खाली झुकवून लावली होती. "अशी असली तर पोरगं निघणार कुठून?" दफेदार म्हणाले. "आम्हाला पहिला धसका तोच. गोळ्याचा नंतर."

मग भोकाकडे वळले. "इथंच लागला होता का? तुम्ही पाहिलं?"

मी पाहिलं नव्हतं. भोक मी अंदाजानं पाडलं होतं, जिथं नजरेला बरं दिसेल तिथं.

"आत कोण कोण होतं?"

"खेत्रपाल," मी म्हणालो.

"ते तर होतेच. बाकीचे तिघं?"

श्रोतेहो, त्या रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या किती, बाजूच्या पत्र्याचे बोल्ट किती, हे मी झोपेत सांगितलं असतं. तिघांची नावं मला येत नव्हती. सेंच्युरियनमध्ये चौघं बसतात, ड्रायव्हर, तोफची, रेडिओ आणि गोळे सांभाळणारा, आणि कमांडर, हे मला पाठ होतं. पण ते पाठ होतं, एवढंच. दफेदार रागावले नाहीत. चहा पिता पिता सांगत बसले, आत जेवण कसं करायचं, उन्हात पोलाद किती तापायचं, चौघांच्या घामाचा आणि दारूगोळ्याचा मिळून वास कसा असतो. ब्रिटिशांनी सेंच्युरियनमध्ये विजेवर पाणी उकळायचं भांडं बसवलेलं होतं, चहासाठी चिलखताबाहेर यायला नको म्हणून. ते मला पुस्तकातून माहीत होतं. दफेदारांना त्याची चव माहीत होती. "डिझेलचा चहा," एवढंच ते म्हणाले. (सेंच्युरियन पेट्रोलवर चालायचा, हे माझ्या ओठावर आलं होतं. नशीब, गिळलं.)

नावं शोधायला फार कष्ट पडले नाहीत, ही त्यातली लाजेची गोष्ट. ती छापलेलीच होती, मी वाचून पुढे गेलो होतो. ड्रायव्हर प्रयागसिंग. तोफची नथूसिंग. रेडिओवर नंदसिंग. नंदसिंग त्याच दिवशी त्याच रणगाड्यात गेले. बाकी दोघं वाचले.

त्यानंतर बरेच महिने मी मॉडेलला हात लावला नाही. खोटी प्रौढी नको, त्या भोकाचा मोह सुटत नव्हता. स्पर्धेला पाठवलं असतं तर त्या भोकावरच बक्षीस मिळालं असतं, असं अजूनही वाटतं. आणि नुकसान दाखवूच नये असंही माझं म्हणणं नाही. युद्धातलं यंत्र दुकानातून आणल्यासारखं चकचकीत करणं हेही एक खोटंच. माझे काही मित्र जळालेले, उलटलेले रणगाडे करतात, छायाचित्र समोर ठेवून, मोजून. त्यांच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण माझ्यासमोर छायाचित्र नव्हतं, होती ती फक्त हौस. ज्या बाजूच्या पोलादाआड कुणीतरी बसलेलं होतं, तिथं मी शोभेसाठी भोक पाडलं होतं.

शेवटी पुट्टी घेतली आणि ते भरलं. घासलं, पुन्हा रंगवलं. तोफ डावीकडे वळवली, त्यासाठी बुरूज उखडावा लागला आणि एक पत्रा मोडला, तो पुन्हा केला. ड्रायव्हरची झाकणं कापून उघडी केली. आता हा रणगाडा लढाईच्या सकाळचा आहे, अजून काही लागलेलं नाही असा. पाट्याखाली पेन्सिलीनं चार नावं लिहिली आहेत.

दफेदार पुन्हा आले तेव्हा त्यांनी मॉडेल उचलून आधी झाकणांकडे बघितलं, मग खाली ठेवलं आणि नातवाच्या ॲडमिशनचं बोलायला लागले. पुट्टी मात्र माझ्याकडून नीट बसली नाही. सकाळचं ऊन कपाटावर तिरपं आलं, की बुरुजाच्या बाजूला मसुराच्या डाळीएवढा एक फुगवटा दिसतो. सौभाग्यवती म्हणतात, तेवढं घासून टाका ना. टाकीन कधीतरी.