पाहुण्याचं तिसरं वाढप

पुसदजवळच्या एका खेड्यात मी रोडग्यांच्या जेवणाला गेलो होतो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची झणझणीत भाजी. ‘घ्या ना भाऊ, लाजू नका,’ म्हणत यजमान चुरलेल्या रोडग्यावर तुपाची धार धरत होते. मी तीनदा वाढून घेतलं. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो, तर घरची बाई उरल्या वरणात पाणी घालत होती. बायकांची पंगत अजून व्हायची होती.

अल्जीरियात शुक्रवारी घरोघरी कुसकुस असतो, म्हणजे गव्हाच्या रव्याचे वाफवलेले कण. अनेक घरी सगळे एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसतात. पाहुण्यानं उजवा हात वापरायचा आणि आपल्या पुढ्यातलंच उचलायचं. २०२० साली युनेस्कोनं हा वारसा मानला. आग्रह तिथंही आपल्यासारखाच, पण थाळ्यात किती उरलं ते बसलेल्यांना दिसतं. आमच्या पंगतीत ते फक्त चुलीपाशी कळतं.

पहिल्या वाढपाला नाही म्हणणं आपल्याकडे अपमानच, म्हणून ते मी घेतो. दुसऱ्या वेळी विचारतो, ‘वहिनी, तुमचं काढून ठेवलं ना?’ यजमानांना हे रुचत नाही. वहिनी मात्र पदराआड हसतात.