गुडघा माझा, वाकवला वर्गाने

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई आणि १९७४च्या जुन्या अकरावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचं आयुष्य’ हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. एवढं मोठं आयुष्य दहा मिनिटांत मावायचं नाही, म्हणून मी त्यातला एकच अवयव घेते. माझा डावा गुडघा.

हसू नका. मघाशी चहाच्या वेळी मी कान देऊन ऐकत होते. नातवंडांपेक्षा गुडघ्यांच्याच गप्पा जास्त चालल्या होत्या.

आधी एक अट सांगते. ज्यांच्याबद्दल मी बोलणार आहे, त्यांनी ‘आमची नावं घ्यायची नाहीत’ असा दम दिला आहे. त्यामुळे मी त्यांना बाकांवरून ओळखते. पहिल्या बाकावरची, खिडकीजवळची, शेवटच्या बाकावरचा. तुम्हांला कळायचं ते कळेलच.

२०००मध्ये तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचा गुडघा मुंबईत डॉक्टर चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा ‘गुडघा बदलणं’ हा शब्द आपल्या घराघरांत आला. मी तेव्हा पोस्टात काउंटरवर होते. रांगेतली माणसं त्यावर बोलायची आणि मी मनात म्हणायची, ही मोठ्या लोकांची कामं. पुढे माझाच गुडघा कुरकुरायला लागला. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजली आणि हाडावर हाड घासायला लागलं. सात वर्षं मी तेल, पट्टा, गोळ्या यांवर काढली. या काळात मी काय काय सोडलं ते मला नंतर कळलं. गणपतीच्या देवळात जाणं सोडलं, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या सोडल्या, लग्नाच्या पंगती सोडल्या. आपल्या मागच्या मेळाव्याला ‘पाहुणे येणार आहेत’ म्हणून आले नव्हते. पाहुणे कोणी नव्हते. शाळेच्या जिन्याची भीती होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मिरजेला ऑपरेशन झालं. म्हणजे होतं काय, तर पूर्ण गुडघा काही काढत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती. दीड-दोन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून मला उभं केलं, चौथ्या दिवशी घरी सोडलं. खर्चाची भीती असलेल्यांसाठी सांगते, ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची तेव्हा ठरलेली किंमत ५४,७२० रुपये होती, कर वेगळा. हॉस्पिटलचा खर्च अर्थात निराळा, पण आधी नुसत्या सांध्याचेच लाखाच्या वर पैसे पडायचे.

डॉक्टरांनी मला घरी सोडताना एक वाक्य सांगितलं होतं. ‘सांधा मी बसवला, आता तो वाकवायचा तुम्ही.’ त्या वाक्याकडे मी नीट लक्ष दिलं नाही.

मुलगा जर्मनीहून आला होता. अकराव्या दिवशी तो परत गेला. त्याला मी सांगितलं, सकाळी बाई येते, बाकी मी बघते. तुम्हांला कोणालाच काही कळवलं नव्हतं. आपल्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मी रोज सकाळी ‘शुभ प्रभात’ टाकत होते, ते पलंगावर पाय पसरून. मी अशीच आहे. पोस्टात चौतीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून दिले, पण स्वतःसाठी कोणाकडे पेन मागितलं नाही. याचा मला अभिमान होता.

तेराव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्या हातून काचेचा ग्लास पडला. वॉकरच्या चारी बाजूंनी काचा. वाकता येईना, पाऊल टाकता येईना. फोन आतल्या खोलीत, दाराला आतून कडी. ओटा धरून मी जवळजवळ पाऊण तास उभी होते. शेवटी हात लांबवून कोपऱ्यातला फरशीचा वायपर ओढला, काचा बाजूला सारल्या आणि पलंगापर्यंत पोचले. रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला. ‘कशी आहेस, आई?’ म्हटलं, ‘एकदम छान.’

मग शेवटच्या बाकावरच्याचा यात प्रवेश झाला. त्याचं औषधाचं दुकान तुम्हांला माहीत आहे. माझी बाई चिठ्ठी घेऊन त्याच्याकडे गेली. चिठ्ठीवर माझं नाव, खाली दुखण्याच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या. शाळेत याला प्रमेय कधी सुटलं नाही, पण हे बरोबर सुटलं. त्याने मला फोन केला. ‘सांगू का सगळ्यांना?’ मी म्हटलं, ‘खबरदार!’ तो म्हणाला, ‘बरं.’ सतराव्या दिवशी माझ्या दारात पाच जण उभे होते. मी दोन मजले वर, लिफ्ट नाही. सगळे धापा टाकत होते, आणि पहिल्या बाकावरची पहिलं वाक्य म्हणाली, ‘आधी आम्हांला पाणी दे.’

दुसऱ्या दिवशी फिजिओ आली तेव्हा पहिल्या बाकावरची तिथेच होती. फिजिओने पट्टी लावून कोन मोजला. गुडघा ६८ अंश वाकत होता. दोन-तीन आठवड्यांत तो काटकोनापर्यंत, म्हणजे ९०पर्यंत यायला हवा असतो. मी दुखतंय म्हणून व्यायाम चुकवत होते, आणि त्याहून वाईट म्हणजे रात्रंदिवस गुडघ्याखाली मऊ लोड ठेवून झोपत होते. बरं वाटायचं. पण त्यामुळे पाय धड सरळही होत नव्हता आणि धड वाकतही नव्हता. फिजिओ म्हणाली, असंच राहिलं तर सांधा आखडेल, मग पुन्हा भूल देऊन तो वाकवायची वेळ येते. मला घाम फुटला. पहिल्या बाकावरचीने काही न बोलता लोड उचलला आणि घरी घेऊन गेली. तो तिने मला अजून परत दिलेला नाही.

मग वेळापत्रक तयार झालं. फ्रिजवर चिकटवलं. सकाळी एक, दुपारी एक, रात्री सोबतीला एक. खरं सांगायचं तर पहिला आठवडा सगळा गोंधळ होता. डिंकाचे लाडू तीन घरांतून आले. दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच पोट साफ होत नव्हतं, त्यात लाडू. एकीने गुडघ्याला तेल चोळायचा आग्रह धरला, टाके काढून आठवडाही झाला नव्हता. गप्पा मारायला इतके जण यायचे की व्यायामाची वेळ निघून जायची. आणि सगळे मला उठू देत नव्हते. पाणी हातात, ताट हातात. मी महाराणीसारखी बसून, आणि गुडघा तिथल्या तिथे.

फिजिओने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाली, ‘काकू, काका, यांची कामं करून देऊ नका. या काम करत असताना शेजारी उभे राहा.’ मदत म्हणजे काय याची इतकी चांगली व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

तेव्हापासून रीत बदलली. चहा मीच करायचा, ओट्याला टेकून. खिडकीजवळची नुसती बाजूला उभी. घरातली सगळी पायपुसणी गोळा करून माळ्यावर टाकली, मोबाइलच्या चार्जरची वायर भिंतीकडे गेली, आणि माझ्या गळ्यात फोनची पिशवी आली, त्या काचांमुळे. शेवटच्या बाकावरच्याने एकदा पोटरी दुखतेय म्हटल्याबरोबर मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. रक्ताची गुठळी नाही ना, हे बघायला. नव्हती. पण पोटरी सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर सकाळची वाट बघायची नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

आणि बदाम सात. ही युक्ती खिडकीजवळचीची. मी खुर्चीत बसायची, पायात मोजा, फरशीवर थोडी पावडर. नियम असा की आपली पाळी आली की आधी टाच जितकी मागे जाईल तितकी मागे घ्यायची, पाच आकडे मोजायचे, मगच पान टाकायचं. दहा मिनिटं व्यायाम कर म्हटलं की मला रडू यायचं. पण पत्ते दीड-दीड तास चालायचे. पान अडवून ठेवणाऱ्याला मी शिव्याही दिल्या, त्या दुखण्यात धरल्या गेल्या. मध्ये भडंगाची वाटी. चाळिसाव्या दिवशी कोन ९५ झाला. फिजिओच्या आधी पहिल्या बाकावरचीनेच टाळ्या वाजवल्या.

पण एक रात्र सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. चौथा आठवडा असेल. या दुखण्यात रात्री झोप लागत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मन अगदी खाली बसतं. रात्री दोन वाजता मी रडत होते. खिडकीजवळची सोबतीला होती. ती उठली, बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि पायाशी बसून राहिली. मला राहवलं नाही. तिच्या मिस्टरांचं डायलिसिस दोन वर्षं चाललं होतं. तेव्हा मी तिच्याकडे एकदाच गेले होते, अर्धा डझन मोसंबी घेऊन, आणि वीस मिनिटांत निघाले होते. मी म्हटलं, ‘अगं, मी तेव्हा आले नाही तुझ्याकडे.’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘नाही आलीस. मला राग आला होता. पण मी तरी कुठे कोणाला सांगितलं होतं? रोज विचारणाऱ्याला मी “एकदम छान” असंच सांगत होते.’

तेच शब्द, जे मी मुलाला सांगितले होते.

मित्रांनो, कोणाकडे काही न मागणं हा माझा गुण आहे असं मी आयुष्यभर समजत होते. त्या रात्री कळलं की आपण ‘छान’ म्हणतो तेव्हा दार आतून लावून घेतो. मग बाहेरच्याने ठोठावलं नाही म्हणून त्याच्यावर रागावतोही. तिने लावलं होतं, मीही लावलं होतं. तिची ती दोन वर्षं मी आता परत आणू शकत नाही. मोसंब्यांचा विषय मात्र तिने पुन्हा काढलेला नाही. दर गुरुवारी पत्ते अजून चालू आहेत.

आज माझा गुडघा ११५ अंश वाकतो. मांडी घालून बसता येत नाही, बसायचंही नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिर जागा आहे, आणि उठताना कधी कधी आतून ‘टक्’ असा आवाज येतो. दुखत नाही. आज सकाळी मी शाळेचा जिना चढले, कठडा धरून, एकेक पायरी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हा मंत्र म्हणत. वर्गात आपल्या बाकावर बसले. बाक लहान झाले आहेत, हे तुम्हांलाही जाणवलं असेल.

शेवटचं सांगते आणि थांबते. आपण सगळे पासष्टी ओलांडलेले. कोणाचा गुडघा, कोणाचं मोतीबिंदू, कोणाचं हृदय, काहीतरी रांगेत उभं आहेच. मुलं लांब आहेत आणि ती वाईट नाहीत, फक्त लांब आहेत. म्हणून बाहेर टेबलावर मी एक वही ठेवली आहे, पोस्टातल्या रजिस्टरसारखी रकाने आखून. नाव, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, चालू असलेली औषधं, आणि शेवटचा रकाना: घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने तो भरायचा आहे. शेवटचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला जिलबी मिळणार नाही, असं मी आचाऱ्याला सांगून ठेवलं आहे.

पहिली ओळ मी भरली आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, किल्ली दोघींकडे.