उन्हाळ्यातील हलका आहार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मार्गासनी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस 'उन्हाळ्यात काय खावे' एवढाच विषय दिला. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन सारा जन्म खेड्यांतील प्राथमिक शाळांत घालविला. तेव्हा जे पाहिले आणि जे एकदा चुकून शिकलो, तेच आपणांपुढे ठेवतो.

आपल्या गुंजवणीच्या खोऱ्यात खाचरात भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, ही पूर्वापार पिके. त्यामुळे चैत्र-वैशाखात घरोघरी आंबील होत असे. पुढे घरात गहू आला, तेलाचा डबा आला, आणि आंबील हे गरिबाचे अन्न ठरले. असे ठरविणाऱ्यांत आम्हीही होतो.

गोष्ट १९८७ च्या चैत्रातील. आमच्या शाळेची तपासणी होती. साहेब सकाळपासून उन्हातून पायपीट करीत आले. आमच्या घरी आंबील, भाकरी आणि कैरीची चटणी तयार होती. 'हे काय साहेबांपुढे ठेवावयाचे?' म्हणून आम्ही सौभाग्यवतींवर रागावलो आणि पुऱ्या, भजी, बासुंदी असा बेत करविला. साहेब भिडस्त, त्यांनी सारे संपविले. तासाभराने त्यांस भोवळ आली, उलट्या झाल्या. शाळेच्या पडवीत निजवावे लागले. तेव्हा पातळ केलेली तीच आंबील घोट घोट पाजली आणि संध्याकाळी ते उठून बसले. दोष सर्वस्वी आमचा होता. सौभाग्यवती त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत; मात्र तेव्हापासून पाहुणा आला की काय करावे, हे त्या आम्हांस विचारीत नाहीत.

याचे कारण अवघड नाही. घाम सुकतो तेव्हा अंग निवते. पण घामाबरोबर पाणी जाते, तसे मीठही जाते. नुसते पाणी प्यालो तर मिठाची भर होत नाही. तळलेले अन्न पोटात फार वेळ रेंगाळते. मीठ घातलेले ताक, भाताची पेज, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे यांत पाणी, मीठ आणि थोडे अन्न एकत्र मिळते. म्हाताऱ्या माणसांस तहान लवकर कळत नाही, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता पेला त्यांच्या हाती द्यावा. रक्तदाब असेल त्यांनी मिठाविषयी आणि मधुमेह असेल त्यांनी पन्ह्यातील गुळाविषयी डॉक्टरांस विचारावे.

आंबिलीची रीत नव्या सुनांसाठी सांगतो. जुन्या भगिनींनी हसू नये. वाटीभर नाचणीचे पीठ दोन वाट्या ताकात रात्री भिजवावे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळीत राहावे, नाही तर गुठळ्या होतात. निवल्यावर दोन वाट्या ताक, मीठ, जिऱ्याची पूड, ठेचलेली लसूण व कोथिंबीर घालावी. चौघांचे काम होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या दशांशही नाही. बाजारचा बर्फ मात्र तीत घालू नये. तसेच सकाळचा भात झाकून संध्याकाळी खाण्याची सवय या दिवसांत सोडावी.

आता थोडे मंडळाविषयी. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यास आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्यांतील बहुतेकांच्या पोटात सहा-सात तास अन्न नव्हते, असे वृत्तपत्रांत आले होते. आपल्या संमेलनासही माणसे पहाटे रिकाम्या पोटी निघतात, मंडपात बसतात आणि दोन-अडीचला जिलेबी व मसालेभाताची पंगत होते. वैशाखातील आपली लग्नेही अशीच. तेव्हा सूचना अशी की, आलेल्या प्रत्येकास आधी पेलाभर आंबील किंवा ताक द्यावे. साडेअकराला पंगत बसवावी. तीत भात, पातळ वरण, दही आणि काकडीची कोशिंबीर असावी. गोड हवेच, तर एकच.

'वर्गणी घेऊन आंबील पाजली' असे लोक म्हणतील, अशी भीती कार्यकारिणीत एकाने बोलून दाखविली. राजगड चढणारी शहरी मंडळी आपल्याच गावकऱ्यांकडून पैसे मोजून ताक पितात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले. मग भीती उरते ती आपलीच, जशी १९८७ साली आमची होती.

ही सूचना पुढील सभेत मतास टाकावी, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती आहे. पंगत लांबविणाऱ्यांत वक्तेही असतात. घड्याळात साडेबारा झाले आहेत, आम्ही बसतो.