शैक्षणिक विषमता आणि समान शाळेचा प्रश्न
(शिक्षकांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



गोंड वस्तीतील पहिलीच्या वर्गाचे उदाहरण घ्या. मूल घरी गोंडी बोलते. शाळेतील पुस्तक मात्र बहुधा बस्तरमध्ये हिंदी आणि गडचिरोलीत मराठी असते. गुरुजींचा प्रश्नच कळत नाही, म्हणून मूल गप्प राहते आणि त्याच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा असणारे सुमारे २९ लाख लोक होते. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत या भाषेला स्थान नाही.

त्याच जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती. अनुसूचित जातींची ६६, अनुसूचित जमातींची ५९ आणि आदिवासी स्त्रियांची अवघी ४९ टक्के. ही उतरंड बुद्धीची नव्हे. जमीन, मजुरी, जात आणि स्त्रीदास्य यांवर उभ्या असलेल्या समाजरचनेची ती उतरंड आहे.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हे दाखवून त्यांनी किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९५० च्या संविधानाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. त्याला हक्काचे कायदेशीर रूप देणारा कायदा झाला तो २००९ साली!

१९६६ मध्ये कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीची आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची शिफारस केली. २०२० च्या धोरणातही ६ टक्क्यांचा तोच आकडा पुन्हा आला. अर्धशतक उलटल्यावरही जे 'उद्दिष्ट'च राहते, त्यातून राज्यकर्त्यांचा प्राधान्यक्रम उघड होतो. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांमुळे काही गरीब मुलांना दार उघडते, हे खरे. पण वस्तीतील सरकारी शाळा त्यामुळे सुधारत नाही आणि उरलेली मुले तिथेच राहतात.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रारंभीची वर्षे मातृभाषेतून शिक्षण, ती भाषा जाणणारा कायम शिक्षक, आणि कलेक्टरचे व खेतमजुराचे मूल एकाच बाकावर बसेल अशी शेजारशाळा. शिक्षक संघटना, पालक आणि ग्रामसभा यांनी मिळून ही मागणी लावून धरली, तरच त्या गप्प बसलेल्या मुलाला बोलता येईल.