आकाशातलं सभासद रजिस्टर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात, डिसेंबरमध्ये गच्चीवर केलेलं भाषण)



बँकेत छत्तीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर तुम्ही खजिनदार केलंत. म्हणजे यादी आणि टॅली काही सुटली नाही! आज आकाशातल्या एका यादीबद्दल बोलतो.

गच्चीवरचा दिवा जरा बंद करा. पूर्वेला, वर बघा. तो छोटासा झुबका म्हणजे कृत्तिका. आपल्या कार्तिक महिन्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. साध्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, पण तिथे हजाराच्या वर तारे आहेत, सुमारे ४४० प्रकाशवर्षं दूर. सगळे एकाच वायुमेघातून जन्मलेले. अशा समूहाला खुला तारकागुच्छ म्हणतात.

शार्ल मेसिए हा फ्रेंच ज्योतिर्विद धूमकेतू शोधायचा. इतर धूसर ठिपक्यांनी फसगत होऊ नये म्हणून त्याने त्यांची यादीच केली. १७८१ पर्यंत १०३ नोंदी झाल्या. कृत्तिका ४५ वी. ७३ वी नोंद चार ताऱ्यांची. पुढे कळलं, की ते एकमेकांचे कोणीच नाहीत! अंतरं वेगळी, जाण्याच्या दिशा वेगळ्या. आपल्याला फक्त जवळजवळ दिसतात. दोनशे वर्षं ही एन्ट्री तशीच पुढे ओढली गेली.

मग खरा सभासद ओळखायचा कसा? अंतर सारखं हवं, आणि वेग व दिशाही सारखी. २०१३ मध्ये युरोपने सोडलेल्या ‘गाया’ दुर्बिणीने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची अशी मोजणी केली. जुन्या याद्यांतले शेकडो गुच्छ त्यात सापडलेच नाहीत, आणि कितीतरी नवे मिळाले. २०२३ च्या एका यादीत ७,१६७ समूह आहेत.

हे गुच्छ कायमचे टिकत नाहीत. आकाशगंगेच्या ओढीने हळूहळू विस्कटतात. आपला सूर्यही बहुधा अशाच एका गुच्छात जन्मला. त्याची भावंडं कुठे गेली, याचा शोध अजून चालू आहे.

या कार्यक्रमासाठी मी आपलं जे रजिस्टर तपासलं. पहिल्या ३२ सभासदांपैकी ११ उरलेत. कोणी मुलांकडे पुण्याला, अमेरिकेला गेले, कोणी देवाघरी. आमच्या फ्लॅटवरचं सौ.चं नाव मीच कमी केलं होतं. हात थांबला होता, पण नोंद बरोबर हवी.

म्हणून एक विनंती कमिटीकडे केली आणि ती मान्य झाली. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर पहिल्या ३२ कुटुंबांची सगळी नावं छापली आहेत, गेलेल्यांचीसुद्धा. कोणाचं राहिलं असेल तर मला सांगा, पुढच्या अंकात दुरुस्ती करू. चूकभूल द्यावी घ्यावी.

आता दिवा लावा. मसाला दूध तयार आहे.