पैसा आला, पण आपला झाला का?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी बाप्पाच्या दर्शनाला आलो की कार्यवाह विचारतात, "काय, तिकडे कसं चाललंय?" यंदा त्यांनी तेच इथे उभं राहून सांगायला लावलं. तर आमचं असं चाललंय: आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये राहतो आणि इंटरनेटवर गोधड्या विकतो. घरातलंच दुकान. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, कुठूनही मागणी येते. पैसे आधी येतात, माल मागून जातो. ऐकायला झकास वाटतं.

पण खात्यात आलेला पैसा लगेच आपला होत नाही. एवढं कळायला आम्हाला एक वर्ष लागलं, आणि त्यात बाबांची एक ठेव मोडली. इथे बसलेल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, काहींनी असाच धंदा काढलाय, आणि भांडवल बहुधा बडोद्यातूनच जातं. म्हणून हे घरच्यांनाही ठाऊक असावं.

पहिल्या वर्षी नाताळच्या आधी विक्री जोरात झाली. आलेले पैसे आम्ही लगेच नव्या मालात घातले. जानेवारी उजाडला आणि गोधड्या परत येऊ लागल्या. युरोपीय संघात 2014 पासून नियम असा आहे की इंटरनेटवर घेतलेला माल हातात पडल्यापासून 14 दिवसांत ग्राहक तो नको म्हणू शकतो, कारण सांगायची गरज नाही. त्यानं तसं कळवलं की आपण 14 दिवसांत पैसे परत करायचे, पाठवणीच्या साध्या खर्चासकट, आणि ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं. माल किंवा तो पाठवल्याचा पुरावा हाती येईपर्यंत थांबता येतं, एवढीच सवलत.

त्यात आमची चूक अशी की या हक्काची सूचना आम्ही दुकानाच्या पानावर नीट दिलीच नव्हती. तसं झालं तर मुदत आणखी 12 महिन्यांनी वाढते. मार्चमध्ये एका बाईंनी नोव्हेंबरची गोधडी परत पाठवली, चांगली वापरून, धुऊन. पैसे पूर्ण द्यावे लागले. वापराबद्दल कपात करायचा अधिकारही सूचना न दिल्यामुळे गेला होता.

परतावे वाढलेले पाहून आमचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीनं रकमेचा काही भाग राखून ठेवायला सुरुवात केली. आम्ही रागावून पत्र लिहिलं. उत्तरात त्यांनी करारातलं कलम दाखवलं. सही आमचीच होती, वाचलं मात्र नव्हतं. बाबांची ठेव मोडली ती त्या महिन्यात.

आलेल्या रकमेतला एक भाग तर मुळातच सरकारचा. दुसऱ्या सदस्य देशांतली विक्री वर्षाला 10,000 युरोच्या वर गेली की विक्रीकर घेणाऱ्याच्या देशाच्या दरानं लागतो. नेदरलँड्समध्ये तो 21 टक्के, हंगेरीत 27. जुलै 2021 पासून सगळ्या देशांचा हिशेब आपल्याच देशात तीन महिन्यांनी एकदा देता येतो, ही मोठी सोय झाली.

आता थोडं ओटीपीबद्दल. आपल्याकडे इंटरनेटवर कार्ड वापरताना दुसरी खातरजमा 2009 पासून आहे. युरोपात ती सक्ती 2019 च्या सप्टेंबरात आली, आणि ऑनलाइन दुकानांना 2020 च्या अखेरपर्यंत सांभाळून घेतलं गेलं. तीनपैकी दोन खुणा पटवाव्या लागतात: ठाऊक असलेलं काही, जसा पिन, जवळ असलेलं काही, जसा फोन, आणि स्वतःचं अंग, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा. 30 युरोच्या आतल्या खरेदीला यातून सूट मिळू शकते. आम्ही ती सूट हौसेनं घेत होतो, कारण खातरजमेच्या पायरीवर काही गिऱ्हाइकं निघून जातात. पुढे कळलं की खातरजमा झालेली असेल तर चोरीच्या कार्डाचा भुर्दंड सहसा बँकेवर जातो, दुकानावर नाही. तेव्हापासून सूट मागणं बंद केलं.

कार्डाच्या खर्चाचंही तसंच. इथे यूपीआयनं पैसे घेताना दुकानदाराला काही पडत नाही. तिकडे पडतं. ग्राहकाची बँक त्यातला जो वाटा घेते, त्यावर 2015 पासून मर्यादा आहे: डेबिट कार्डाला 0.2 टक्के, क्रेडिट कार्डाला 0.3. बाकीचं शुल्क वेगळं. आणि "कार्डानं देणार असाल तर दोन टक्के वर" असं साध्या ग्राहकाला म्हणायची तिथे बंदी आहे. खर्च किमतीतच धरावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र होता होता राहिली. तिकडच्या चार मैत्रिणी दागिने, पिशव्या करतात. आम्ही म्हटलं, तुमचा माल आमच्या दुकानात लावू, पैसे आमच्या खात्यात घेऊ, थोडं कमिशन ठेवून बाकी तुम्हाला देऊ. मदतच ती! आमच्या हिशेबनीसानं थांबवलं. विकणारा आणि घेणारा, दोघांच्या वतीनं मध्ये उभं राहून पैसे हाताळायचे तर त्याला परवाना लागतो. परवाना असलेल्या कंपनीलाही लोकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात.

हे जाचक वाटेल. पण जून 2020 मध्ये जर्मनीतली वायरकार्ड ही पेमेंट कंपनी बुडाली. ताळेबंदात दाखवलेले 1.9 अब्ज युरो जागेवर नव्हतेच. ब्रिटनमध्ये तिच्या उपकंपनीचं काम नियामकानं थांबवलं, तेव्हा भलत्याच अॅपची कार्डं वापरणाऱ्या लोकांना काही दिवस आपलेच पैसे काढता येईनात. सयाजीराव महाराजांनी 1908 साली ज्या गावात बँक काढली, तिथल्या माणसांना दुसऱ्याचा पैसा सांभाळणं म्हणजे काय, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

आता आम्ही मैत्रिणींचा माल रोख विकत घेतो आणि आमचा म्हणून विकतो. खपला नाही तर नुकसान आमचं. त्यामुळे थोडा घेतो, पण झोप लागते.

उद्या तुमच्या मुलानं किंवा सुनेनं अशा धंद्यासाठी भांडवल मागितलं, तर जरूर द्या. फक्त आधी तीन गोष्टी विचारा. परताव्यासाठी आणि करासाठी किती बाजूला ठेवता? पैसे गोळा करणारी कंपनी किती रक्कम, किती दिवस अडवू शकते? आणि विकता तो माल तुमचा की दुसऱ्याचा? उत्तरं चटकन आली तर चेक लिहा. नाही आली तर करार आधी वाचून घ्या म्हणावं.

बाबांची ठेव आम्ही पुन्हा केली, तीन वर्षांनी. त्यांनी पावती घडी घालून कपाटात ठेवली आणि एकच विचारलं, "हे पैसे तरी तुमचेच ना?" या वेळी हो म्हणता आलं.

गणपतीबाप्पा मोरया!