आधी शहर, मग सम्राट



रोमन नाणे म्हटले की रोमच्या टांकसाळीतले, लॅटिन अक्षरांचे नाणे डोळ्यांपुढे येते. पण साम्राज्याच्या पूर्व भागात, आजच्या ग्रीस, तुर्कस्तान आणि सिरियात, शेकडो शहरे आपापली तांब्या-काशाची नाणी पाडत होती. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शहराचे स्वतःचे चिन्ह, मजकूर बहुधा ग्रीक. ही प्रांतिक नाणी बाजारात इतकी फिरली, की आज त्यांतली कितीतरी गुळगुळीत झालेली मिळतात.

असे नाणे हाती आले की नवशिका आधी चेहरा ओळखायला बसतो. मला ते पटत नाही. आधी शहर शोधावे. नाक-हनुवटी झिजली की बरेच सम्राट सारखेच दिसतात. मागचे चित्र मात्र नुसत्या आकारावरूनही सापडते. शिखरांचा डोंगर दिसला तर कॅपाडोशियातले सीझरिया आठवावे. तो आर्गेयस पर्वत. हारात दोन मोठी रोमन अक्षरे, एस आणि सी, असतील तर बहुधा तेव्हाच्या सिरियातले अँटिओक.

निकायाचे, म्हणजे आजच्या इझनिकचे, लहानसे नाणे घ्या. दिवा बाजूला, टेबलालगत ठेवा आणि नाणे सावकाश फिरवा. समोरून सपाट वाटणाऱ्या धातूवर तीन उभ्या रेषा सावली टाकतात. ती सैन्याची निशाणे. त्यांच्या मधल्या जागेत शहराच्या नावाची अक्षरे विखुरलेली असतात. त्यातली दोन-तीन लागली तरी पुरे. मग पुढच्या बाजूला दाढी नसलेला कोवळा चेहरा असेल, तर तिसऱ्या गॉर्डियनचा, सन 238 ते 244 चा, विचार आधी करावा.

अलेक्झांड्रियाची नाणी तर सालही सांगतात. इंग्रजी एलसारखी खूण आणि तिच्यापुढे ग्रीक अक्षर, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते.

आणि प्रत्येक झीज वापराची नसते. सन 211 मध्ये सम्राट कॅराकॅलाने सख्खा भाऊ गेटा याला मारवले आणि त्याचे नाव, चेहरा पुसून टाकायला लावला. कॅरिया प्रांतातल्या स्ट्रॅटोनिकेयाच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. तिथे गेटाच्या जागी आज खरवडलेला धातू दिसतो, आणि शेजारी कॅराकॅला शाबूत. अशा नाण्यावर तो कोरा भागच सर्वांत आधी वाचायचा.

एक कळकळीची विनंती. जुने तांब्याचे नाणे, कुठलेही असो, चिंच किंवा लिंबू लावून घासू नका. उरलीसुरली अक्षरे त्यावरच्या हिरवट थरातच टिकून असतात. थर गेला की ती परत येत नाहीत.